न टेकणारा चुंबक, चंद्राची कला

शेतातल्या मोटारीचा एक फेज गेला की ती नुसती गुरगुरते, आणि वेळीच बंद केली नाही तर जळते. विहिरीवरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. तीनाऐवजी पाच, सहा किंवा नऊ फेजची जनित्रं पवनचक्क्यांसाठी अभ्यासली जातात, त्यामागचं एक मोठं कारण हेच आहे. एखादा फेज गेला तरी उरलेल्यांवर यंत्र, कमी ताकदीनं का होईना, चालत राहतं. त्यांतल्या कायम चुंबक वापरणाऱ्या जनित्राला पुस्तकी मराठीत ‘बहुकला स्थायी चुंबक जनित्र’ म्हणता येईल. यातला एकेक शब्द उलगडून पाहण्याजोगा आहे.

‘चुंबक’ आला ‘चुंब्’ धातूवरून. चुंबन घेतो तो चुंबक. त्याच्याही आधीचा शब्द ‘अयस्कांत’, म्हणजे लोखंडाचा प्रियकर. कालिदासानं ‘कुमारसंभवा’त शंकराचं मन उमेकडे ओढायची गोष्ट निघाली तेव्हा हाच दाखला दिला. फारसीतला ‘आहनरुबा’ मात्र लोखंड पळवून नेणारा. आपल्या ‘रसरत्नसमुच्चया’त कांतलोहाचे पाच प्रकार आहेत: भ्रामक, चुंबक, कर्षक, द्रावक आणि रोमकांत. लोखंडाला फिरवतो तो भ्रामक, चिकटतो तो चुंबक, ओढतो तो कर्षक. पाचांतला ‘चुंबक’ तेवढा याच अर्थानं भाषेत टिकला. जनित्रात त्याला नेमकं तेच करायला बंदी आहे! फिरणाऱ्या रोटरवर बसवलेले चुंबक आणि स्थिर स्टेटरचा पोलादी गाभा यांच्यात थोड्याच मिलिमीटरची फट असते, आणि ती काटेकोरपणे राखावी लागते. निओडिमियमच्या चुंबकांची ओढ इतकी जबर की रोटर आत सरकवताना त्याला साच्यात धरून ठेवावं लागतं. जरा कलला तर तो एका बाजूला जाऊन टेकलाच. फिरण्याशी नातं सांगणारा ‘भ्रामक’ इथे जास्त शोभला असता, असं मला मनापासून वाटतं.

‘जनित्र’ हा काही परिभाषा समितीनं बसून घडवलेला शब्द नव्हे. तो ऋग्वेदात आहे, जन्मस्थान या अर्थानं. ‘खनित्र’ म्हणजे खणायचं साधन, तसं ‘जनित्र’ म्हणजे जन्म देण्याचं साधन, हा आजचा अर्थ त्यावर सहज बसला. ‘जनरेटर’ही मुळात त्याच धातूचा, आपल्या ‘जन’ आणि ‘जननी’चा दूरचा भाऊबंद. १८३२ साली पॅरिसमध्ये इपोलित पिक्सीनं हातानं फिरवायचं जनित्र केलं, तेही कायम चुंबकाचंच होतं.

असं यंत्र प्रत्यक्ष बांधण्याआधी ते संगणकावर चालवून पाहतात. ‘सिम्युलेशन’च्या मुळाशी ‘सारखा’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे, आणि आपला ‘सम’ त्याच कुळातला. त्यासाठीच्या मराठी ‘प्रतिमाना’त ‘मान’ म्हणजे माप आहे, ते योग्यच. नुसत्या दिसण्यानं इथे भागत नाही. या मापनाची किल्ली १९२९ साली रॉबर्ट पार्कनं दिली. स्टेटरवरून पाहिलं तर प्रवाह सतत वरखाली होतो. रोटरवर बसून, त्याच्याबरोबर फिरत पाहिलं तर एका लयीत चालणाऱ्या यंत्रात तोच प्रवाह स्थिर दिसतो, आणि समीकरणं आवाक्यात येतात.

राहिला ‘फेज’. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ दिसणं, प्रकट होणं. चंद्राच्या बदलत्या रूपांना तो लागला आणि तिथून लहरींकडे आला. आपली ‘कला’ही चंद्राचीच, त्याचा सोळावा अंश. दोन भाषांनी आपापल्या आभाळात पाहून एकच उपमा उचलली आणि ती विजेला चपखल बसली. पाच फेजच्या यंत्रात एकच लहर ७२ अंशांच्या अंतरानं पाच तारांत उगवते. सहा फेजच्या यंत्रात बहुधा तीन-तीनचे दोन संच ३० अंशांनी सरकवून ठेवतात, त्यामुळे फिरण्यातली थरथर कमी होते.

काही पुस्तकांत ‘फेज’साठी ‘प्रावस्था’ असतं. बर्फ, पाणी, वाफ यांना तो शब्द ठीक आहे, विजेला नको. बोलताना ‘फेज’ म्हणावं आणि लिहिताना निःशंक ‘कला’ लिहावं.