नेपोलियन हिलची बखर

वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. तेव्हापासून मराठीत इतिहास लिहिणाऱ्याला एक शिस्त लागली. घटना घडत असताना, कामापुरता, पुढे कोणी वाचेल याचा विचार न करता लिहिलेला कागद आधी पाहायचा. वीस-तीस वर्षांनी कोणाची तरी थोरवी गाण्यासाठी रचलेली बखर नंतर. बखर खोटीच असते असे नाही, पण तिचा शब्द कागदाच्या वर जात नाही. ही शिस्त पेशव्यांच्या दफ्तरापुरतीच राखून ठेवण्याचे कारण नाही. श्रीमंत होण्याची विद्या विकणाऱ्या माणसाचे चरित्रही तिच्यातून गाळून पाहता येते.

त्यासाठी घराण्याचा मूळ पुरुषच घेतलेला बरा. ‘थिंक अँड ग्रो रिच’ हे पुस्तक अमेरिकेत १९३७ साली निघाले. लेखक नेपोलियन हिल. त्याचे मराठी अनुवाद आपल्याकडच्या पुस्तकांच्या दुकानांत सहज मिळतात, आणि यशाचे धडे ऑनलाइन देणारे बहुतेक गुरू या पुस्तकाचे नाव घेतल्याशिवाय राहत नाहीत. जगभर त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या आहेत. हिलने स्वतःबद्दल जे सांगितले तेच इतकी वर्षे छापले, वाचले आणि व्यासपीठांवरून ऐकवले गेले.

ती बखर अशी. हिल १८८३ साली व्हर्जिनियातल्या वाइझ परगण्यात, डोंगराळ गरिबीत जन्मला. १९०८ साली, पंचविशीतला पत्रकार असताना, तो पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगींची मुलाखत घ्यायला गेला. कार्नेगींना पोरगा आवडला. यशाचे शास्त्र मांडायचे, वीस वर्षे बिनपगारी खपायचे, बदल्यात मोठमोठ्या माणसांना ओळखपत्रे मिळतील, असा प्रस्ताव त्यांनी ठेवला. हातात स्टॉपवॉच होते. उत्तर द्यायला साठ सेकंद. हिलने एकोणतिसाव्या सेकंदाला होकार दिला. मग फोर्ड, एडिसन आणि असे पाचशेवर यशस्वी लोक त्याने अभ्यासले. पहिल्या महायुद्धात राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना सल्ला दिला, मंदीच्या काळात रूझवेल्ट यांना. कार्नेगींनी दिलेले ते रहस्य म्हणजेच हे पुस्तक.

एकोणतीस सेकंद हा तपशील पाहण्यासारखा आहे. बखरकाराला असे आकडे आवडतात. आकडा नेमका असला की ऐकणाऱ्याला वाटते, सांगणारा तिथे हजर होता.

आता कागदांकडे वळू. ते शोधण्याचे मोठे श्रेय मॅट नोव्हाक या पत्रकाराला जाते. २०१६ च्या डिसेंबरात ‘गिझमोडो’साठी लिहिलेल्या दीर्घ लेखात त्याने जुन्या वर्तमानपत्रांतून हिलचा माग काढला. त्याआधी, १९९५ साली, हिलचे अधिकृत चरित्र निघाले होते. ते प्रेमाने लिहिलेले असले तरी त्यातही हिलचे बुडालेले धंदे लपवलेले नाहीत. दोन्ही शेजारी ठेवून वाचले की काळाची रांग बऱ्यापैकी लागते.

१९०८. बखरीत हे कार्नेगींच्या भेटीचे वर्ष. कागदात या वर्षी हिल अलाबामातल्या मोबील शहरी एक्री-हिल लंबर कंपनीचा भागीदार आहे. ऑक्टोबरात फ्लॉरिडातल्या ‘पेन्साकोला जर्नल’ने बातमी दिली की कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई चालू आहे आणि टपालाच्या माध्यमातून फसवणूक केल्याचा आरोप आहे. अलाबामाच्या इतर परगण्यांतून आणि फ्लॉरिडातून लाकूड मागवायचे, पडत्या भावाने विकून टाकायचे आणि ज्यांनी माल दिला त्यांचे पैसे बुडवायचे, असा तो व्यवहार होता. एकाच वर्षात माणूस जगातल्या सर्वांत श्रीमंत गृहस्थांपैकी एकाकडे पाहुणा आणि लाकडाच्या वखारीत देणेकरी असू शकतो. अशक्य काही नाही. मात्र दुसऱ्या गोष्टीला त्या वेळचे वर्तमानपत्र साक्षी आहे आणि पहिलीला फक्त हिल.

मे १९०९. हिल वॉशिंग्टनला येतो आणि ‘ऑटोमोबाइल कॉलेज ऑफ वॉशिंग्टन’ काढतो. मोटार जोडणे, चालवणे, विकणे असे तीन विषय. मोटारी कार्टर मोटर कॉर्पोरेशनसाठी जोडल्या जात. म्हणजे शिकणे आणि कंपनीचे काम एकाच छपराखाली. १९१२ च्या सुरुवातीला कार्टर कंपनीचे दिवाळे निघाले. एप्रिलमध्ये ‘मोटर वर्ल्ड’ या व्यवसायातल्याच नियतकालिकाने कॉलेजच्या जाहिरातींची टर उडवली आणि हा सगळा बनाव असल्याचा आरोप केला. वर्ष संपायच्या आत कॉलेज बंद पडले. कार्नेगींनी सोपवलेल्या वीस वर्षांच्या संशोधनातली ही चार वर्षे.

मध्यंतरी सासुरवाडीला, वेस्ट व्हर्जिनियात मुक्काम. मग शिकागो, ला सॅल एक्स्टेन्शन युनिव्हर्सिटी या टपालाने शिकवणाऱ्या संस्थेत नोकरी, नंतर मिठाईचे एक दुकान. हा भाग भराभर गेला तरी चालेल. थांबायचे आहे ते पुढच्या नोंदीपाशी.

१९१५ च्या सप्टेंबरात हिलने शिकागोत ‘जॉर्ज वॉशिंग्टन इन्स्टिट्यूट ऑफ अॅडव्हर्टायझिंग’ सुरू केली आणि तिचा तो डीन झाला. जाहिरातकला हे नाव. शिकवायचे होते यश आणि आत्मविश्वास. आज ज्याला आपण सक्सेस कोचिंग म्हणतो ते इथे पुरते आकाराला आलेले दिसते. ४ जून १९१८ च्या ‘शिकागो ट्रिब्यून’मध्ये बातमी आहे की इलिनॉय राज्याने हिलच्या अटकेची दोन वॉरंटे काढली आहेत. कारण असे: सामान्य लोकांना शेअर विकण्यावर बंधने घालणारा राज्याचा कायदा हिलने मोडला. संस्थेचे भांडवल एक लाख डॉलर दाखवून तो तिचे शेअर विकू पाहत होता. तपासात तिच्या मालमत्तेची किंमत भरली बाराशे डॉलर.

हा कागद माझ्या मते हिलच्या साऱ्या चरित्रातला सर्वांत बोलका आहे. तीन गोष्टी एकाच जागी सापडतात. ज्याने स्वतः अजून संपत्ती मिळवलेली नाही तो संपत्तीचे शिक्षण देतो आहे. त्या शिक्षणाच्या दुकानाची किंमत खरी असेल त्याच्या ८० पटींहून जास्त फुगवलेली आहे. आणि तारीख १९१८ च्या उन्हाळ्याची आहे, म्हणजे ज्या युद्धकाळात तो राष्ट्राध्यक्षांना सल्ला देत असल्याचे बखर सांगते नेमक्या त्याच काळातली. हिलने विल्सन यांच्यासाठी काम केल्याचा पुरावा व्हाइट हाउसच्या नोंदींत मिळालेला नाही.

वॉरंट म्हणजे शिक्षा नव्हे, हे इथे लिहून ठेवायला हवे. आरोप सिद्ध झाला असे मी म्हणत नाही. संस्था मात्र त्यानंतर फार टिकली नाही, आणि १९१९ साली हिल नव्या रूपात दिसतो: ‘हिल्स गोल्डन रूल’ नावाच्या मासिकाचा संपादक. ‘दुसऱ्याशी तसेच वागा जसे त्याने तुमच्याशी वागावे असे तुम्हाला वाटते’ हा त्या मासिकाचा संदेश. मोबीलच्या लाकूडवाल्यांनी तो वाचला असता तर काय म्हटले असते कोण जाणे.

आता कार्नेगी. ११ ऑगस्ट १९१९ रोजी ते वारले. त्यांचे आत्मचरित्र १९२० साली प्रसिद्ध झाले. त्यात हिलचे नाव नाही. हिलचा पहिला मोठा ग्रंथ ‘द लॉ ऑफ सक्सेस’ १९२८ चा. तो त्याने कार्नेगींना अर्पण केला आहे, ग्रंथ लिहिण्याची सूचना त्यांची होती असे म्हणून. अर्पण स्वीकारायला किंवा नाकारायला कार्नेगी नऊ वर्षांपूर्वीच निघून गेले होते. पुढे भेटीची कथा पुस्तकागणिक वाढत गेली, आणि एका पुस्तकात तर दोघांचे लांबलचक संवादच आले. कार्नेगींचा पत्रव्यवहार अफाट होता. त्यांचे कागद वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपलेले आहेत. त्यांवर काम करून २००६ साली मोठे चरित्र लिहिणारे इतिहासकार डेव्हिड नॅसॉ यांना हिल आणि कार्नेगी कधी भेटल्याचा कसलाही पुरावा मिळाला नाही, असे त्यांनी नोव्हाकला सांगितले.

हिलकडे तरी ओळखपत्रे असायला हवी होती, फोर्ड-विल्सन यांची पत्रे असायला हवी होती. त्याचे उत्तर होते: शिकागोतल्या गोदामाला आग लागली, त्यात सगळे जळाले.

आगी लागतात. १९०८ सालच्या एका मुलाखतीची नोंद राहिली नाही म्हणून मुलाखत झालीच नाही असेही ठरत नाही. एडिसनबरोबरचा हिलचा १९२३ चा फोटो खरा आहे, म्हणजे एका थोर माणसापर्यंत तो पोचला होता हे निश्चित. पण पुराव्याचा कल पाहावा. जिथे जिथे हिलची बाजू अवघड जाते तिथे तिऱ्हाइताने त्या वेळी लिहिलेला कागद शिल्लक आहे. जिथे जिथे बाजू उजळते तिथे साक्षीदार मेलेला आहे नाहीतर कागद जळालेला आहे. हे एकदा झाले तर दुर्दैव म्हणू. चाळीस वर्षे दर वेळी तसेच होत असेल तर ती कथा रचलेली आहे, असे मी धरतो.

उरतो त्याच्या श्रीमंतीचा प्रश्न. ती होती का? होती, दोनदा. ‘द लॉ ऑफ सक्सेस’ खपले तेव्हा त्याने न्यूयॉर्कजवळच्या कॅट्सकिल डोंगरात मोठी जमीनजागा घेतली. मंदी आली आणि ती गेली. ‘थिंक अँड ग्रो रिच’ने पुन्हा पैसा आणला. या पुस्तकाच्या घडणीत त्याची तेव्हाची बायको रोझा ली हिचा मोठा हात होता. १९४० च्या सुमारास घटस्फोट झाला आणि पुस्तकाचा बराचसा पैसा तिच्याकडे गेला. यशाचे सूत्र सांगणाऱ्या पुस्तकाच्या लेखकाला पन्नाशी ओलांडल्यावर पुन्हा शून्यापासून व्याख्याने द्यावी लागली. लाकूड, मोटारी, मिठाई या धंद्यांत त्याला काही मिळाले नाही. जे मिळाले ते ‘मिळवायचे कसे’ हे सांगण्याचे मिळाले. त्यानंतर १९५२ पासून विमा व्यवसायातल्या क्लेमेंट स्टोन या खरोखरच्या धनिकाने त्याला हात दिला. १९७० साली तो वारला.

कागदांची ही परंपरा त्याच्याबरोबर संपलेली नाही. फक्त कागद आता नियामकांच्या दफ्तरात असतात. जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ‘माय ऑनलाइन बिझनेस एज्युकेशन’ या कंपनीवर दावा लावला. एकवीस पायऱ्यांत ऑनलाइन श्रीमंत व्हा, अशी तिची जाहिरात. पहिल्या पायरीची फी ४९ डॉलर. पुढे एकेक पायरी चढावी तशी वरची सभासदत्वे विकली जात, सगळी मिळून साठ हजार डॉलरपर्यंत. कमिशनच्या म्हणण्याप्रमाणे लोकांनी भरलेली रक्कम साडेबारा कोटी डॉलरच्या वर गेली. आणि शेवटी हाती लागणारी सिद्ध व्यवसायपद्धती कोणती? हीच सभासदत्वे पुढच्या माणसाला विकून कमिशन मिळवायचे.

आपल्याकडचा कागद २५ ऑक्टोबर २०२३ चा आहे. भांडवल बाजाराची नियामक संस्था सेबीने ‘बाप ऑफ चार्ट’ या नावाने ऑनलाइन शेअर बाजार शिकवणाऱ्या गुरूविरुद्ध अंतरिम आदेश काढला. हे गृहस्थ लोकांना आपला नफा दाखवत आणि अभ्यासक्रम विकत. सेबीने त्यांचे व्यवहार काढून पाहिले. १ जानेवारी २०२१ ते ७ जुलै २०२३ या काळात बाजारात त्यांचा निव्वळ तोटा होता सुमारे २ कोटी ८९ लाख रुपये. अभ्यासक्रमांच्या वगैरे नावाखाली नोंदणीशिवाय सल्ला देऊन गोळा केलेली रक्कम म्हणून सेबीने जप्त करायला सांगितले सुमारे १७ कोटी २० लाख. हिलच्या बाबतीत बाराशे आणि एक लाख हे दोन आकडे शेजारी ठेवायला अटकेचे वॉरंट निघावे लागले होते. इथे दोन्ही आकडे एका आदेशात आहेत. हा आदेशही अंतरिम, म्हणजे प्रथमदर्शनी निष्कर्ष सांगणारा आहे. पण त्यातला तोटा बाजाराच्या नोंदींतला आहे. नोंदी सौद्याच्या क्षणी झालेल्या असतात, आणि त्या ठेवणाऱ्याला गुरूच्या कीर्तीशी देणेघेणे नसते.

बाजारात उतरणाऱ्या सामान्य माणसांचे काय होते, याचाही कागद आहे. सेबीच्या जुलै २०२५ च्या पाहणीनुसार २०२४-२५ या वर्षात शेअरांच्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी सुमारे ९१ टक्के लोक तोट्यात गेले, आणि सगळ्यांचा मिळून निव्वळ तोटा एक लाख कोटी रुपयांच्या वर होता.

हिलला पैसे देणाऱ्याला १९१८ साली शिकागोतले वर्तमानपत्र चाळत बसावे लागले असते. तुम्हाला ती अडचण नाही. सेबीचे आदेश तिच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येतात, आणि सल्लागार म्हणून कोणाची नोंदणी आहे तेही तिथेच दिसते. कोर्सची फी भरण्याआधी गुरुजींचे नाव तिथे घालून पाहा. मग त्यांच्याकडे मोबाइलवरच्या नफ्याच्या चित्राऐवजी दलालाने दिलेला पूर्ण वर्षाचा नफा-तोट्याचा हिशेब मागा. दिला नाही तर फी भरू नका.