सोडलेला मासा

मंडळी, आजचा विषय आमच्या घरातल्या निम्म्या लोकांना मुळातच पटणारा नाही, हे माहीत असूनही लिहितो आहे. मासा गळाला लावायचा, काठाशी आणायचा, गळ सोडवायचा आणि त्याला परत पाण्यात सोडून द्यायचं! अमेरिकेत आल्यावर मला हा नाद लागला. फोनवर आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "सोडायचाच होता तर धरलास कशाला रे? उगाच बिचाऱ्याला त्रास." बांगड्याचं तिखलं हा ज्या घरात जिव्हाळ्याचा विषय, तिथून हा प्रश्न यावा यात गंमत आहे. पण प्रश्न खरा आहे. त्याच्या मागे लागून थोडं वाचन झालं, ते इथे मांडतो.

आधी फ्लाय फिशिंग म्हणजे काय ते सांगतो. बारीक गळावर पिसं, केस, दोरा गुंडाळून खोटा किडा करायचा. तो इतका हलका असतो की नुसता फेकता येत नाही. म्हणून दोरीच जाड आणि वजनदार घ्यायची, ती हवेत झुलवून फेकायची, म्हणजे किडा तिच्यामागून जातो. ट्राउट मासा फसतो, पण क्षणभरच. खोटं आहे हे कळलं की थुंकून टाकतो. त्यामुळे गळ बहुधा ओठाच्या कडेलाच लागतो. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

१९३९ मध्ये ली वुल्फ या अमेरिकन गळवाल्याने गोड्या पाण्यातल्या मासेमारीवर एक पुस्तक लिहिलं. त्यातला एक विचार फार गाजला: गळाशी झुंजणारा मासा इतका मोलाचा आहे की तो एकदाच पकडून संपवणं परवडणार नाही. म्हणजे बघा, भूतदया वगैरे नाही, चक्क हिशेब! रस्ते झाले, गाड्या आल्या, शहरातले लोक शनिवार-रविवारी नदीवर येऊ लागले आणि नद्या रिकाम्या होऊ लागल्या. सरकार हॅचरीतले मासे आणून सोडायचं, लोक ते पकडून न्यायचे. १९५४ मध्ये ग्रेट स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्कात प्रयोग म्हणून काही पाण्यात 'मासा पकडा, पण नेऊ नका' असा नियम आला.

खरा मोठा बदल यलोस्टोनचा. तिथे यलोस्टोन सरोवरातून नदी बाहेर पडते त्या जागी एक पूल आहे, नावच 'फिशिंग ब्रिज'. जुन्या फोटोंत त्या पुलावर माणसं खांद्याला खांदा लावून गळ टाकून उभी दिसतात, आपल्याकडे जत्रेत असतात तशी. खाली कटथ्रोट ट्राउट, जबड्याखाली लाल रेघ असलेला तिथला मूळचा मासा. १९७३ मध्ये पुलावरून मासेमारी बंद झाली आणि त्याच सुमारास पार्कातल्या बऱ्याच पाण्यात मासा सोडून देणं सक्तीचं झालं. मासे पुन्हा वाढले. १९८१ च्या हंगामात अभ्यासकांनी हिशेब मांडला, तर नदीच्या एका भागात एकेक कटथ्रोट हंगामात सरासरी नऊ-दहा वेळा पकडला जात होता, आणि तरी जगत होता!

आता तुम्ही म्हणाल, जगतो कशावरून? हाच कळीचा मुद्दा. पोहून गेलेला मासा नंतर मेला तर आपल्याला दिसत नाही. तेव्हा सोडणं ही भावना राहिली नाही, कसब झालं. १९६७ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात गळ खोल गिळलेल्या ट्राउटचे दोन गट केले होते. ज्यांचा गळ ओढून काढला त्यातले बहुतेक मेले. ज्यांचा नुसता दोरा कापून गळ आतच राहू दिला, त्यातले साधारण दोन तृतीयांश जगले. म्हणजे 'बिचाऱ्याचा काटा काढू या' ही दयाच जीवघेणी. १९९२ मध्ये कॅनडातल्या दोन संशोधकांनी ट्राउटना आधी दमवलं आणि मग काहींना पाण्याबाहेर धरलं. अजिबात बाहेर न काढलेल्यांपैकी १२ टक्के मेले, ३० सेकंद बाहेर ठेवलेल्यांपैकी ३८ टक्के, आणि पूर्ण एक मिनिट ठेवलेल्यांपैकी ७२ टक्के. फोटो काढायला एक मिनिट सहज जातं हो!

आज जे नियम आम्ही पाळतो ते अशा आकड्यांतून आले आहेत. गळाच्या टोकामागचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून सपाट करायचा. मासा फार खेळवायचा नाही. हात ओले करायचे, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचं रोगापासून रक्षण करतो. जाळं रबराचं. कल्ल्यांना बोट लावायचं नाही. मासा पाण्यातच ठेवून, बारीक चिमट्याने गळ ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने उलटा काढायचा. मग त्याचं तोंड प्रवाहाकडे करून हलकेच आधार द्यायचा. तो आपण होऊन हातातून निघून जातो.

तरी आत्याचा प्रश्न मिटत नाही. २००३ मध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउटच्या तोंडाभोवती इजा जाणवणाऱ्या नसा असल्याचं दाखवून दिलं. स्वित्झर्लंडमध्ये तर सोडून देण्याच्याच इराद्याने मासे पकडायला कायद्याने मनाई आहे. त्यांचं म्हणणं आत्यासारखंच: खायचा असेल तर धरा.

पण याला एक दुसरी बाजू आहे आणि ती आपल्याकडची आहे. कर्नाटकात कावेरीवर गलीबोरेच्या कॅम्पात लोक नाचणीच्या गोळ्यावर महाशीर पकडून सोडायचे, आणि पकडलेल्या प्रत्येक माशाची नोंद ठेवायचे. अभयारण्यात गळ टाकणं म्हणजे शिकारच, या भूमिकेतून २०१२ मध्ये ते बंद झालं. पुढे अभ्यासकांनी १९९८ ते २०१२ च्या त्या वह्या तपासल्या, तेव्हा कळलं की कावेरीचा मूळचा पाठीवर कुबड असलेला महाशीर जवळपास नाहीसा होत चालला होता. त्याच्या जागी वाढत होता दुसराच महाशीर, टॉर खुद्री. कर्नल साइक्सने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून वर्णन केलेला, आपला खडस! लोणावळ्याच्या हॅचरीत वाढवलेली त्याची पिल्लं चांगल्या हेतूनेच देशभर सोडली गेली होती. कुबडाच्या महाशीराला टॉर रेमादेवी हे शास्त्रीय नाव मिळालं २०१८ मध्ये, आणि त्याच वर्षी तो 'अतिसंकटग्रस्त' यादीत गेला.

मासे मारून नेले असते तर तो लवकर संपला असता, आणि कुणी पकडलेच नसते तर तो कमी होतोय हे कळलंही नसतं. त्रास मात्र त्या प्रत्येक माशाला झाला, हे मी नाकारत नाही. मी गळ टाकतो तेव्हा ते मान्य करूनच टाकतो, आणि म्हणून सोडवताना घाई करत नाही.

असो. कोकणात गरवायला जाणारे कुणी वाचत असतील, तर तुमच्याकडे लहान मासा परत सोडायची काही रीत होती का, जरूर कळवा.