पडद्यामागची इंग्रजी

आमच्या घरात इंग्रजी आली ती शाळेतून नव्हे, स्टुडिओतून आली. अंधेरी पूर्वेला, कुर्ला रस्त्याच्या आतल्या बाजूला एका चाळीत आम्ही राहत होतो. वडील लाइटमन. आम्ही त्यांना भाऊ म्हणत असू. भाऊंचे शिक्षण मराठी चौथीपर्यंत, तेही कोकणातल्या एका खेड्यात. माझ्या शाळेत त्या काळी इंग्रजी आठवीपासून सुरू होई. पण त्याआधीच क्लोज-अप, लाँग शॉट, टेक, रिटेक, ट्रॉली, शिफ्ट हे शब्द मला पाठ होते. ते भाऊंबरोबर रात्री डब्याच्या पिशवीतून घरी येत.

स्टुडिओत बिघडलेल्या टेकला ‘एनजी’ म्हणतात, म्हणजे ‘नो गुड’. आमची आई करपलेल्या पोळीलाही एनजी म्हणे. रात्री भाऊ ‘पॅक अप’ म्हणाले, की आम्ही भावंडे अंथरुणावर पडत असू. लहान दिव्याला ‘बेबी’ म्हणतात. एकदा भाऊ जिन्यातच आईला म्हणाले, “आज दोन बेबी गेल्या.” शेजारच्या काकू डोळ्याला पदर लावूनच दारात आल्या!

आज हसू येते. पण ही इंग्रजी मुंबईच्या उपनगरांत पोचली कशी, हा इतिहास गमतीचा आहे आणि थोडा विचार करायला लावणाराही आहे.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखवली गेली. यंत्र परदेशी, तसे त्याचे शब्दही परदेशी. दादासाहेब फाळक्यांनी हा धंदा शिकताना सेसिल हेपवर्थ या इंग्रज निर्मात्याचे पुस्तक अभ्यासले. १९१२ मध्ये ते लंडनला गेले, तिथे हेपवर्थचा स्टुडिओ पाहिला आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. म्हणजे आपल्या पहिल्या चित्रपटकर्त्यालाही आधी इंग्रजी शब्द शिकावे लागले. मात्र १९१७ मध्ये ‘नवयुग’ मासिकात त्यांनी या विषयावर लेखमाला लिहिली, तेव्हा तिचे नाव मराठीच ठेवले : ‘भारतीय चित्रपट’.

पुढे १९३४ मध्ये हिमांशू राय आणि देविकाराणी यांनी मालाडला बॉम्बे टॉकीज उभी केली. तिथे दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि छायालेखक योझेफ विर्शिंग हे जर्मन होते. त्यांच्याबरोबर बंगाली, पंजाबी, गुजराती, पारशी, मराठी अशी सगळ्या मुलखांची माणसे होती. एकाची भाषा दुसऱ्याला धड येत नाही. अशा ठिकाणी वर टांगलेला जड दिवा डावीकडे सरकवायचा, तर व्याकरण कोण बघणार? एका शब्दात काम झाले पाहिजे आणि तो शब्द सगळ्यांना एकच कळला पाहिजे. नाहीतर हात भाजतो. म्हणून यंत्राबरोबर आलेले इंग्रजी शब्द हीच तिथली बोली झाली. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि सरकारने जर्मन मंडळींना स्थानबद्ध केले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या भारतीय सहायकांनी काम पुढे चालवले. माणसे गेली, शब्द राहिले. पुढे १९४३ मध्ये गोरेगावला फिल्मिस्तान निघाले, अंधेरीला प्रकाश, मोहन, फिल्मालय असे स्टुडिओ झाले. जिथे काम, तिथे कामगार जाई आणि त्याच्याबरोबर त्याचे शब्दही जात.

बाहेर, प्रेक्षकांमध्ये, याच शब्दांनी वेगळीच वळणे घेतली. ‘टॉकी’ म्हणजे बोलणारा चित्रपट. आपण ‘टॉकीज’ म्हणजे थिएटरच करून टाकले. ‘मॅटिनी’ हा शब्द मुळात फ्रेंचांच्या सकाळवरून आलेला. इंग्रजांनी तो दुपारच्या खेळाला लावला. आपण तो तीन, सहा, नऊच्या नेहमीच्या खेळांआधीच्या स्वस्त खेळाला लावून पुन्हा सकाळच्या बाजूला ओढला. सिल्व्हर ज्युबिली राजाची असते तेव्हा पंचवीस वर्षांची, सिनेमाची असते तेव्हा पंचवीस आठवड्यांची. ‘रील’चे तर आपण ‘रीळ’ केले आणि नपुंसकलिंगी करून घरात घेतले.

आता मराठी शब्दांकडे वळू. दिग्दर्शक, संकलन, मध्यंतर या शब्दांचे श्रेय स्वातंत्र्यवीर सावरकरांना दिले जाते. निर्माता, छायालेखन, ध्वनिमुद्रण, रंगभूषा, वेशभूषा, पार्श्वगायक असे कितीतरी सुरेख शब्द मराठीत रुळले. मराठी शब्द टिकत नाहीत ही तक्रार या बाबतीत तरी खरी नाही. मग लाइटमनला, स्पॉटबॉयला, क्लॅप देणाऱ्याला, ट्रॉली ढकलणाऱ्याला मराठी शब्द का मिळाला नाही?

याचे उत्तर मला फार उशिरा सापडले, आणि तेही भाऊंमुळे.

१९६८ मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू झाले. मी तेव्हा कॉलेजात होतो. चित्रपट सोसायट्यांचे खेळ बघण्याचे वेड आम्हा काही मुलांना लागले. अंधेरीहून लोकल पकडायची, खेळ बघायचा आणि परतीच्या गाडीत दारात उभे राहून वाद घालायचा. मोंताज, निओरिअ‍ॅलिझम, डीप फोकस हे शब्द मी तिथे शिकलो. माझ्या वहीत त्यांची यादी होती. इंग्रजी माध्यमाच्या मुलांसमोर आपण कमी पडू नये म्हणून ती मी पाठ करत असे. आणि खरे सांगायचे तर वडील काय करतात, हे मी तिथे कोणाला सांगत नसे. कोणी विचारलेच तर ‘फिल्म लाइनमध्ये आहेत’ एवढेच म्हणे.

एका रात्री ‘सिटिझन केन’ पाहून आलो. भाऊ जेवत होते. मी ऐटीत सांगितले, “भाऊ, त्यात डीप फोकस आहे. १९४१ चा सिनेमा!”

“म्हणजे काय?”

“म्हणजे पुढचा माणूसही स्पष्ट दिसतो आणि पार मागे खिडकीबाहेर खेळणारा मुलगाही स्पष्ट दिसतो.”

भाऊंचा घास हातातच राहिला. ते म्हणाले, “अरे, मग लाइट किती ओतला असेल! आर्क लावले असणार. वर बसलेल्यांची काय हालत झाली असेल!”

मी गप्प झालो. खोलवर सगळे स्पष्ट दिसायला भिंगाचे छिद्र लहान ठेवावे लागते. छिद्र लहान केले की आत प्रकाश कमी जातो. म्हणून सेटवर प्रकाश वाढवावा लागतो. छायालेखक ग्रेग टोलंडने त्या चित्रपटासाठी आर्क दिवे वापरले होते, हे मी पुढे पुस्तकात वाचले. भाऊंनी ते भातावर आमटी घेता घेता ओळखले होते. आर्क दिव्यातला कार्बन जळत जातो तसा तो सरकवत राहावा लागतो. छताला टांगलेल्या फळ्यांवर, त्या धगीत तासन् तास बसून ते काम भाऊंनी केले होते. माझ्याकडे शब्द होता, त्यांच्याकडे त्या शब्दाचा अर्थ होता.

त्यानंतर केव्हातरी मी भाऊंना त्यांनी काम केलेल्या एका चित्रपटाला घेऊन गेलो. सुरुवातीची श्रेयनामावली सरकत होती. दिग्दर्शक, संकलक, छायालेखक सगळे येऊन गेले. लाइटमनचे नाव कुठेच नव्हते. तेव्हा नसेच. भाऊंना त्याचे काही वाटले नाही. ते पडद्यावरच्या सावल्या बघत होते. माझ्या मनात मात्र उत्तर लख्ख झाले. ज्यांची नावे छापली जात, त्यांच्या कामाला मराठी शब्द लागला. ज्यांचे नावच छापायचे नव्हते, त्यांच्या कामाला शब्द घडवण्याची गरज कोणाला वाटावी? ‘श्रेयनामावली’ हा शब्द किती सुंदर आहे! पण श्रेय होते तेवढ्यांचीच ती नामावली होती.

म्हणून आज कोणी मला ‘लाइटमन’ला शुद्ध मराठी शब्द सुचवा म्हटले, तर मी घाई करत नाही. तो शब्द भाऊंनी आणि त्यांच्यासारख्या हजारोंनी हात भाजून मिळवला आहे. तो आता आपलाच आहे.

अंधेरीतले बरेचसे जुने स्टुडिओ पडले, त्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. मालाडला स्टुडिओ नाही, पण ‘बॉम्बे टॉकीज कंपाऊंड’ हा पत्ता अजून आहे. भाऊही आता नाहीत. हल्ली चित्रपटाच्या शेवटी लांबलचक नावे येतात, त्यांत लाइटमनचीही असतात. लोक तोवर उठून पार्किंगकडे निघालेले असतात. मी दिवे लागले तरी बसून राहतो आणि ती नावे शेवटपर्यंत वाचतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)