मेणबत्ती आणि भूमिती

दिवेलागणीनंतर घराघरांतून ऐकू येणारा एक प्रश्न आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे : “आई, हे प्रमेय समजावून देतेस का?” पुष्कळदा आपण “बाबांना विचार” असे सांगून पुन्हा पोळ्यांकडे वळतो. गणिताचा आणि आपला काय संबंध, अशी आपली समजूतच होऊन बसलेली असते. अशा वेळी मला मेरी सॉमरव्हिल या स्कॉटिश विदुषीची आठवण होते.

मेरीबाईंचा जन्म १७८० साली झाला. वडील आरमारात अधिकारी होते. मुलीने शिवण, चित्रकला, पियानो आणि घरकाम शिकावे, एवढीच त्या काळची अपेक्षा. एकदा एका मैत्रिणीने तिला बायकांचे मासिक दाखविले. त्यात पोशाखांची रंगीत चित्रे होती, कोडी होती, आणि एका पानाच्या शेवटी क्ष, य अशा अक्षरांचे चमत्कारिक गणित होते. हे काय म्हणून विचारता, ‘याला बीजगणित म्हणतात,’ एवढेच उत्तर मिळाले. पुढे चित्रकलेचे शिक्षक नेस्मिथ दुसऱ्या विद्यार्थिनींशी बोलत असता तिच्या कानी पडले की, चित्रातील दूर-जवळचे भान यावयास युक्लिडची भूमिती वाचावी. खगोल आणि यंत्रशास्त्र यांचाही पाया तोच.

पण पुस्तक आणावे कोणी? मुलीने दुकानात जाऊन युक्लिड मागणे शक्यच नव्हते. अखेर धाकट्या भावाला शिकवावयास येणाऱ्या शिक्षकांना तिने गळ घातली. त्यांनी युक्लिड व बीजगणित ही पुस्तके आणून दिली. मुलगी रात्री जागते, मेणबत्त्या लवकर संपतात, अशी कुरकुर नोकरांनी केली, तेव्हा तिची मेणबत्ती काढून घेण्याचा हुकूम सुटला. तोवर युक्लिडचे पहिले सहा भाग तिचे वाचून झाले होते. मग अंधारात अंथरुणावर पडून ती पहिल्यापासून एकेक प्रमेय मनातच सिद्ध करू लागली.

लग्न झाले, आणि १८०७ साली पती वारले. मुलांचे करता करता तिने अभ्यास पुन्हा सुरू केला. मासिकातील प्रश्न सोडवून ती विल्यम वॉलेस या प्राध्यापकांना पाठवी. ते आपली उत्तरे तिला पाठवीत. तिची उत्तरे कधी बरोबर येत, कधी चुकत. कधी दोघांच्या रीती निराळ्या निघत. १८११ साली बक्षिसाचा प्रश्न सुटला आणि तिच्या नावाचे रौप्यपदक मिळाले.

दुसरे पती सॉमरव्हिल यांनी तिला मनापासून उत्तेजन दिले. लाप्लास यांच्या ग्रंथावर आधारलेले तिचे खगोलगणिताचे पुस्तक १८३१ साली निघाले व केंब्रिजमध्ये अभ्यासास लागले. त्याच केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी दिली ती मात्र १९४८ साली! १८३४ साली तिने पदार्थविज्ञानाच्या शाखांचा परस्परसंबंध सांगणारा ग्रंथ लिहिला. तरुण एडा लव्हलेसला गणितात हात दिला तोही मेरीबाईंनीच. तिचा भूगोलावरील ग्रंथ १८४८ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव व सावित्रीबाईंनी मुलींची शाळा उघडली. १८७२ साली वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी नेपल्स येथे तिचे निधन झाले. अखेरच्या दिवसांतही सकाळची वेळ गणिताची होती.

तिला मिळालेली मदत केवढी? शिक्षकांनी आणून दिलेली दोन पुस्तके आणि प्राध्यापकांनी बरोबरीच्या नात्याने पाठविलेली उत्तरे. तिच्यासाठी गणिते कोणी सोडवून दिली नाहीत. पण अगदी कोणीच काही दिले नसते, तर ती मासिकातल्या त्या पानापाशीच थांबली असती.

तेव्हा आजपासून आपण एवढे करू. मूल वही घेऊन आले की शेजारी बसवावे आणि विचारावे : पक्ष काय? साध्य काय? आकृती काढलीस का? आपल्याला उत्तर येत नसले तरी विचारावे. बोलता बोलता पुष्कळदा मुलाला आपणच वाट सापडते. न सापडली, तर मंडळात ज्या भगिनीला येते तिच्याकडे न्यावे. आणि विचारणारी मुलगी असेल, तर तिचा दिवा लवकर मालवू नये.