कोपऱ्यातलं काकेलउंग्न

ऑनसाइटला स्टॉकहोमला होतो तेव्हाची गोष्ट. भाड्याच्या खोलीत एका कोपऱ्यात छताला टेकलेलं, पांढऱ्या चकचकीत फरश्यांचं, गोल खांबासारखं एक प्रकरण उभं होतं. खाली पितळेची दोन दारं. मी त्यात दोन दिवस बूट ठेवले. (कपाट वाटलं हो! हसू नका.) तिसऱ्या दिवशी घरमालकीण आजीबाईंनी ते पाहिलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. म्हणाल्या, ही शेगडी आहे. नाव काकेलउंग्न. काकेल म्हणजे फरशी, उंग्न म्हणजे भट्टी.

शेगडी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आपली कोळशाची, पत्र्याची. हे धूड एखाद टन वजनाचं! इतक्या विटा कशाला, हा प्रश्न डोक्यात बसला आणि पुढचे दोन-तीन वीकेंड त्यातच गेले.

अठराव्या शतकातल्या स्वीडनमध्ये लाकडाची बोंब होती. म्हणजे जंगलं होती, पण गिऱ्हाईकंही तितकीच. स्वीडन तेव्हा युरोपला लोखंड पुरवणारा बडा देश, आणि लोखंड गाळायला लागायचा लाकडी कोळसा. त्यात घरोघरी उघड्या आगट्या. सिनेमात दिसते ना, भिंतीतली आग, समोर खुर्ची, पायाशी कुत्रा? दिसायला झकास, पण कामाला अगदीच बेकार. आगीबरोबर खोलीतली गरम हवाही धुराड्यातून वर निघून जाते आणि तिच्या जागी दाराखिडक्यांच्या फटींतून बाहेरची बर्फाळ हवा आत येते. थोडक्यात, पोट भाजतं आणि पाठ गोठते. फरश्यांच्या शेगड्या आधीपासून होत्या, पण त्यांच्यातूनही बरीचशी उष्णता धुराबरोबर पळायची.

तेव्हा राजा होता, पण खरी सत्ता संसद आणि मंत्रिमंडळाकडे होती. या सरकारने लाकूड वाचवणारी शेगडी शोधायचं काम दोघांवर सोपवलं. एक कार्ल युहान क्रूनस्टेट, हा वास्तुविशारद. दुसरा फाबियान व्रेडे, लष्करातला. त्यांचं डिझाइन १७६७ मध्ये नकाशांसकट छापून प्रसिद्ध झालं. कुठल्याही गवंड्याने वाचावं आणि बांधावं. आजच्या भाषेत सांगायचं तर सरकारी पैशातून केलेलं ओपन सोर्स! (तिकडे अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनने १७४० च्या दशकात आपल्या शेगडीचं पेटंट घ्यायला नकार दिला होता. मात्र त्याच्या मूळ डिझाइनमधून धूर नीट ओढला जायचा नाही, ते दुसऱ्यांना सुधारावं लागलं. असो.)

आता गंमत बघा. दोघांनी आग फारशी बदललीच नाही, धुराचा रस्ता बदलला. आपल्याकडचा तांब्याचा बंब आठवतोय? मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी. नळी गरम झाली की पाणी गरम. काकेलउंग्नमध्ये पाण्याच्या जागी विटा आहेत, आणि नळी सरळ नाही. धूर वर जातो, तिथून त्याला बाजूच्या पोकळ्यांतून पुन्हा खाली आणतात, मग परत वर, आणि मगच धुराड्यात सोडतात. एवढी पायपीट होईपर्यंत बिचाऱ्याची उष्णता विटांनी काढून घेतलेली असते.

एक टन विटा पन्नास अंशांनी तापवायच्या तर साधारण ४२ मेगाज्यूल लागतात. सुकं लाकूड किलोमागे सुमारे १५ मेगाज्यूल देतं. थोडी गळती धरली तरी साडेतीन-चार किलोत काम झालं. आणि ही साठवलेली उष्णता, म्हणजे जवळपास बारा युनिट, बारा तासांत हळूहळू बाहेर पडली, तर एक किलोवॅटचा हीटर दिवसभर चालू ठेवल्यासारखंच. तेही सकाळी तासभर आग पेटवून!

मला सगळ्यात आवडलं ते हे की जाळणं आणि ऊब देणं ही दोन कामं त्यांनी वेगळी केली. आग मंद ठेवली की नुसता धूर आणि डांबर होतं, लाकूड अर्धंच जळतं. इथे आग जोरात पेटवायची, पटकन संपवायची. मधे विटांचा बफर असल्यामुळे खोलीला त्याचा पत्ताही लागत नाही.

एक मेख मात्र आहे. आग संपली की धुराड्याची झडप बंद करायची, नाहीतर रात्रभर उष्णता वर जाते. पण निखारे धगधगत असताना घाईने बंद केली तर कार्बन मोनॉक्साइड खोलीत. वास नाही, रंग नाही, झोपलेला माणूस उठतच नाही. कार्यक्षमता आणि जीव यांच्यामधे एक लोखंडी पट्टी, आणि ती ओढणारा पेंगुळलेला माणूस.

विसाव्या शतकात रेडिएटर आले आणि या शेगड्या अडगळ ठरल्या. कित्येक फोडल्या, कित्येक झाकल्या. मग घरं तेलावर गेली, आणि १९७३ च्या तेलसंकटाने हादरून कितीतरी घरं विजेवर गेली. जानेवारी २००५ मध्ये गुद्रून वादळ आलं. दक्षिण स्वीडनमधली जंगलंच्या जंगलं आडवी झाली, विजेच्या तारांवर पडली. सात लाखांवर ग्राहकांची वीज गेली, काहींची कित्येक आठवडे. भर हिवाळ्यात भिंतीवरचे इलेक्ट्रिक हीटर म्हणजे नुसते शोभेचे पत्रे.

आजीबाईंचे भाऊ त्याच भागात राहायचे. त्यांच्या जुन्या घरात प्लायवूडच्या भिंतीमागे काकेलउंग्न होतं, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. तिसऱ्या दिवशी त्यांनी हातोड्याने प्लायवूड फोडलं. शेगडी धडधाकट होती, फरशीला तडासुद्धा नाही. दार उघडून वाकून वर पाहिलं तर मिट्ट काळोख. छप्पर नवीन करताना वरचं धुराडं उतरवून त्यावर कौलं घातली होती.

मग अंथरुणं उचलून दोघं नवरा-बायको शेजाऱ्यांकडे राहायला गेले. त्यांच्या स्वयंपाकघरात लाकडाची चूल अजून चालू होती.