धूरप्रसरण प्रतिमाने आणि कारखान्यांची परवानगी

धुराड्यातून बाहेर पडलेला वायू वा धूळ वाऱ्याबरोबर कोठवर आणि किती प्रमाणात पसरेल, हे गणिताने अगोदर सांगण्याच्या पद्धतींना धूरप्रसरण प्रतिमाने म्हणतात. कारखाना उभारण्यापूर्वीच त्याच्या धुराचा हिशेब मांडून परवानगीचा निर्णय करणे ही आता बहुतेक देशांत रूढ झालेली रीत होय. जो धूर अजून निघालेलाच नाही तो उपकरणाने मोजता येत नाही. म्हणून गणितावर विसंबणे भाग पडते. या गणिताचे एक मूळ पहिल्या महायुद्धातील विषारी वायूंत आहे, तर दुसरे शेतकऱ्यांच्या एका तक्रारीत आहे.

वाऱ्यातील भोवऱ्यांमुळे, म्हणजेच संक्षोभामुळे, धूर विरतो, ही कल्पना ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी १९१५ व १९२१ मधील निबंधांत गणिती स्वरूपात मांडली. युद्धात वायूंचा वापर सुरू झाल्यावर इंग्लंडमध्ये पोर्टन येथे १९१६ मध्ये प्रयोगक्षेत्र स्थापन झाले होते. तेथे काम करणाऱ्या ओ. जी. सटन यांनी १९३२ मध्ये वायूच्या प्रसरणाचा सिद्धांत प्रसिद्ध केला. धुराड्याच्या धुरासाठी खास सूत्र बोसनक्वेट व पिअर्सन यांनी १९३६ मध्ये दिले.

याच सुमारास कॅनडातील ट्रेल या गावच्या धातुशोधन कारखान्याचा वाद गाजत होता. कोलंबिया नदीच्या अरुंद खोऱ्यातील हा शिसे व जस्त गाळणारा कारखाना अमेरिकेच्या सीमेपासून जेमतेम ११ किमी. अंतरावर होता. १९२५ व १९२७ मध्ये तेथे ४०९ फूट (सु. १२५ मी.) उंचीची दोन धुराडी बांधण्यात आली. तथापि सल्फर डाय-ऑक्साइड वायू खोऱ्यातून खाली वाहत जाऊन वॉशिंग्टन राज्यातील पिके व झाडे करपतच राहिली. अखेर प्रकरण दोन्ही देशांनी नेमलेल्या लवादाकडे गेले. लवादाने १९३८ मध्ये ७८,००० डॉलर नुकसानभरपाई ठरविली आणि पुढील काळासाठी वातावरणाची प्रत्यक्ष निरीक्षणे करविली. रात्री खोऱ्यात वर थरासारखा साचून राहिलेला वायू सकाळी ऊन तापू लागताच खोऱ्याच्या लांबच लांब पट्ट्यात जवळजवळ एकाच वेळी जमिनीवर उतरतो, असे त्यांतून दिसून आले. ह्यूसन यांनी या प्रकाराचे विवेचन १९४५ मध्ये प्रसिद्ध केले. ११ मार्च १९४१ च्या अंतिम निवाड्यात कारखान्याने ताशी किती गंधक बाहेर सोडावे, याच्या मर्यादा ऋतू, दिवसाची वेळ, वारा व संक्षोभ यांनुसार ठरवून दिल्या. कारखाना बंद करा असे लवादाने म्हटले नाही. हवा जेवढे वाहून नेईल तेवढेच सोडा, असे सांगितले. धुराला हवामानाच्या आधारे परवानगी देण्याचे इतके स्पष्ट उदाहरण त्यापूर्वीचे क्वचितच आढळेल.

आज रूढ असलेली पद्धत एफ. पॅस्क्विल यांच्या १९६१ मधील लेखातून आली. तेही मूळचे पोर्टनचेच. ऊन, ढग व वाऱ्याचा वेग यांवरून त्यांनी वातावरणाच्या स्थिरतेचे ‘ए’ ते ‘एफ’ असे सहा वर्ग पाडले. अमेरिकेतील एफ. ए. गिफर्ड यांनी या वर्गांना धुराच्या पट्ट्याची रुंदी व जाडी दाखविणाऱ्या वक्रांचे रूप दिले आणि डी. बी. टर्नर यांच्या १९६७ मधील पुस्तिकेने ती पद्धत सामान्य अभियंत्याच्या टेबलावर आणून ठेवली. धुराच्या पट्ट्यात मधोमध प्रमाण सर्वांत जास्त असते व कडेला ते गाउस यांच्या घंटाकृती वक्राप्रमाणे कमी होत जाते, असे यात गृहीत धरतात. हा हिशेब कागद-पेन्सिलीनेही करता येई, आणि त्याच्या लोकप्रियतेचे खरे कारण तेच असावे. त्याला ज्या मोजमापांचा मोठा आधार मिळाला, ती १९५६ मध्ये नेब्रास्का राज्यातील एका सपाट गवताळ शेतात घेतलेली होती आणि उगमापासून केवळ ८०० मी. अंतरापर्यंतचीच होती. पुस्तिकेतील वक्र मात्र १०० किमी. पर्यंत काढलेले आहेत. डोंगर, दऱ्या, समुद्रकिनारा किंवा निवांत वारा असेल तेथे त्यांचा भरवसा धरता येत नाही.

या सूत्रातून एक सोयीस्कर निष्कर्ष निघे. जमिनीवरील कमाल प्रमाण ढोबळ मानाने धुराच्या उंचीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे उंची दुप्पट केल्यास ते चौथाईवर येते. तेव्हा गंधक काढून टाकण्याचा खर्च करण्याऐवजी धुराडे उंच बांधावे, की जवळची गावे नियमात बसतात! १९७२ मध्ये कॅनडात सडबरी येथे ३८१ मी. उंचीचे धुराडे चालू झाले. धूर नाहीसा झाला नाही. तो दूर जाऊन पडू लागला. अम्लवृष्टीच्या तक्रारींत या उंच धुराड्यांचा वाटा होता. अमेरिकेच्या १९७७ च्या कायदादुरुस्तीने वाजवीपेक्षा जास्त उंचीचा लाभ हिशेबात धरण्यास मनाई केली. त्याच दुरुस्तीने स्वच्छ हवेच्या प्रदेशांत नव्या मोठ्या कारखान्यांच्या परवानगीसाठी प्रतिमानांचा वापर पक्का केला आणि १९७८ मध्ये कोणती प्रतिमाने ग्राह्य, याविषयीची मार्गदर्शिका निघाली.

प्रतिमानावर न्यायालयांत वाद होणे अटळच होते. ओहायो राज्यासाठी वापरलेले एक प्रतिमान तेथील संघीय अपील न्यायालयाने १९७८ मध्ये मान्य केले. १९८६ मध्ये त्याच न्यायालयाने ईअरी सरोवराकाठच्या दोन वीज केंद्रांबाबत निराळा निर्णय दिला : प्रतिमान त्या जागेवरील मोजमापांशी पडताळून न पाहता त्यावरून मर्यादा ठरविणे मनमानीचे आहे. पुढे २००५ मध्ये अमेरिकेने जुन्या वर्गवारीऐवजी संक्षोभाच्या नव्या ज्ञानावर आधारलेले ‘एर्मॉड’ हे प्रतिमान अधिकृत केले.

भारतात १९८१ च्या वायू प्रदूषण कायद्याने कारखान्यांना प्रदूषण मंडळाची संमती आवश्यक केली. धुराड्याच्या उंचीसाठी येथे एक सुटसुटीत सूत्र वापरात आले : ताशी किग्रॅ. मध्ये मोजलेल्या सल्फर डाय-ऑक्साइडाच्या ०·३ व्या घाताला १४ ने गुणावे. ताशी १०० किग्रॅ. वायू सोडणाऱ्या कारखान्यास त्यावरून सु. ५६ मी. उंची येते. मात्र हे उंचीचे गणित आहे, हवेचे नव्हे. आसपासच्या हवेवर होणाऱ्या परिणामाचा हिशेब १९९४ व २००६ च्या अधिसूचनांनंतर पर्यावरणीय मंजुरीच्या अहवालांचा नित्याचा भाग झाला.

या प्रश्नाची खरी कसोटी मात्र त्याआधीच मथुरेच्या तेलशुद्धीकरण कारखान्याने लावली होती. हा कारखाना ताजमहालापासून सु. ४० किमी. वर, वायव्येस आहे. १९७४ मध्ये नेमलेल्या वरदराजन समितीने धुराच्या प्रसरणाबरोबरच आग्र्याच्या हवेचीही पाहणी केली. तिला असे आढळले की, कारखाना सुरू होण्यापूर्वीच शहरातील दोन कोळशाची वीज केंद्रे, रेल्वेचे आवार व ओतशाळा यांचे प्रदूषण तेथे बरेच होते. ही वीज केंद्रे बंद करावीत, अशी शिफारस तिने केली. कारखाना १९८२ मध्ये चालू झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे (नीरी) अहवाल न्यायालयापुढे आले. ३० डिसेंबर १९९६ च्या निकालात न्यायालयाने आपला धूर निरुपद्रवी असल्याचे सिद्ध करण्याचा भार उद्योगांवर टाकला आणि आग्र्यातील २९२ उद्योगांना नैसर्गिक वायू वापरण्यास किंवा ताजमहालाच्या परिसरातून स्थलांतर करण्यास सांगितले.