दोन गेज

देवनागरीत लिहिलं की मॉर्गेजमधला गेज आणि ब्रॉडगेजमधला गेज एकच दिसतात. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका 'यू'चा फरक आहे. सुट्या शब्दांच्या उच्चारात तोही नाही. पहिला तारणाचा, दुसरा मापाचा. दोघेही नॉर्मन राजवटीमागोमाग फ्रेंचमधून इंग्लंडात शिरले, पण गोत निराळं: तारणाचा गेज हा वेजर, एंगेजमेंट, इतकंच काय वेडिंगचाही भाऊबंद, मापाचा गेज त्या घराण्यातला नाही. आज तारणाचा सुटा गेज बोलण्यातून उठून गेला आहे. सारख्या उच्चाराने घोटाळा होई म्हणून तो मागे पडला, असं वाटणं साहजिक आहे. मला ते पटत नाही. शतकानुशतकं दोघे शेजारी सुखाने नांदले होते. एकाचं काम संपलं, दुसऱ्याचं वाढलं, एवढंच.

मॉर्गेजमधला 'मॉर्ट' म्हणजे मृत. बाराव्या शतकाच्या अखेरीस लिहिल्या गेलेल्या, ग्लॅनव्हिलच्या नावावर चालणाऱ्या कायदेग्रंथात याचा अर्थ सरळ आहे: जमीन सावकाराच्या ताब्यात जायची, पण तिचं उत्पन्न कर्जातून वळतं व्हायचं नाही. आपल्या ताबेगहाणात उत्पन्न व्याजापोटी जायचं, त्याच्या जवळचाच हा प्रकार. असा व्यवहार व्याजखोरीत मोडे, तरी राजाचं न्यायालय त्याला मनाई करत नसे. पंधराव्या शतकातला कायदेपंडित लिटलटन मात्र वेगळंच सांगतो: मुदतीत पैसे फेडले नाहीत तर जमीन ऋणकोला मेली, फेडले तर धनकोला. व्यवहार बदलला, तशी शब्दाची फोडही नवी झाली. गहाण चालू राहिलं म्हणून शब्दही टिकला.

सुट्या गेजला असा आधार मिळाला नाही. द्वंद्वाने न्याय मागणारा हातमोजा भर न्यायालयात खाली टाकी. तो मोजा म्हणजेच गेज. १८१७ साली खुनाच्या आरोपातून सुटलेल्या अब्राहम थॉर्नटनवर मृत मुलीच्या भावाने पुन्हा दावा लावला, तेव्हा थॉर्नटनने लंडनच्या न्यायालयात खरोखरच मोजा टाकला. कायदा कोणी रद्दच केला नव्हता! न्यायाधीशांना त्याचा हक्क मान्य करावा लागला, भावाने लढायला नकार दिला आणि थॉर्नटन सुटला. १८१९ मध्ये संसदेने ही पद्धत मोडीत काढली.

मापाच्या गेजला दरम्यान सरकारी नोकरी लागली होती. पिंपाच्या बुचाच्या भोकातून खुणांची काठी तिरकी घालून आत किती दारू मावते हे काढणारा जकात अधिकारी तो गेजर. रॉबर्ट बर्न्स हा कवी १७८९ पासून हेच काम करत होता. मग रेल्वे आली आणि दोन रुळांमधल्या अंतरालाही गेज म्हणू लागले. ब्रूनेल या अभियंत्याचे सात फुटी रूळ आणि स्टीफन्सनचे चार फूट साडेआठ इंची ग्लॉस्टरला भेटत, तिथे माल एका डब्यातून दुसऱ्यात चढवावा लागे. त्या भांडणाचा निकाल लावायला १८४६ साली कायदाच करावा लागला. सात वर्षांनी मुंबई-ठाणे गाडी धावली ती साडेपाच फुटी रुळांवर, आणि ब्रॉडगेज हा शब्द पुढे मराठीचाच झाला.

यावर आक्षेप येईल तो अमेरिकेचा: तिथले अभियंते मापाचा गेजही अनेकदा 'यू' गाळूनच लिहितात, म्हणजे शेवटी मापाने तारणाची जागा बळकावलीच ना? पण नोआ वेब्स्टरच्या १८२८ च्या कोशात त्या एकाच स्पेलिंगखाली तारण आणि माप दोन्ही अर्थ आहेत. दोन भाडेकरू एका खोलीत राहू शकत होते. त्यातला एक पुढे आपणहून निघून गेला.